सिंहलद्वीपाची वाट आणि मार्गशीर्षातली वादळे

माजलगाव तालुक्यातून एका सेवानिवृत्त शिक्षिकाताईंचे पत्र आले आहे. त्यांच्या वस्तीतील बारा-पंधरा उपासक-उपासिका मिळून श्रीलंकेची धम्मसहल काढणार आहेत. दोन वर्षे दरमहा थोडे थोडे पैसे साठवले, पासपोर्ट निघाले, आणि बेत असा की डिसेंबरच्या पौर्णिमेला अनुराधापूरच्या बोधिवृक्षापाशी असावे. त्या पौर्णिमेला सिंहली लोक उंदुवप पोया म्हणतात. संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची फांदी घेऊन त्या बेटावर उतरल्या, त्याची ती आठवण. आता ताईंचा मुलगा म्हणतो, त्या दिवसांत तिकडे वादळे होतात, जाऊ नका. ताई विचारतात, जावे की न जावे?

आमचे उत्तर असे की श्रीलंकेला अवश्य जावे. पण पौर्णिमेचा हट्ट असेल तर पुढील मजकूर घरातल्या सर्वांनी एकदा वाचावा. विशेषतः ज्यांच्या हाती पैसे जमा आहेत त्यांनी.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. आम्हाला वारा ठाऊक तो वैशाखातल्या वावटळीचा, आणि पाऊस ठाऊक तो बहुधा न येणारा, आला तर गारा घेऊन येणारा. त्यामुळे चक्रीवादळ म्हटले की पत्रे उडवणारा मोठा वारा एवढेच डोळ्यांपुढे येते. घरातल्या क्रिकेटवेड्या पोरांना विचारा, ते जास्त सांगतील. २९ जून २०२४ रोजी आपला संघ वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर विश्वचषक जिंकला आणि तिथेच अडकून पडला. 'बेरिल' नावाचे वादळ येत होते, विमानतळ बंद झाला होता. मंडळी हॉटेलात बसून राहिली आणि खास विमानाने ४ जुलैला दिल्लीत उतरली. तिकडे त्या वादळाला हरिकेन म्हणतात, चीन-जपानकडे टायफून म्हणतात, आपण चक्रीवादळ म्हणतो. प्रकार एकच. समुद्राचे पाणी साधारण २६-२७ अंशांहून जास्त तापले की त्यावरची दमट हवा वर चढते, खाली हवेचा दाब उतरतो, आणि भोवतालचे वारे गरगरत त्या पोकळीकडे धावतात. मध्ये 'डोळा' असतो, तिथे सारे शांत. डोळा डोक्यावर आला की वादळ संपले असे वाटून माणसे बाहेर येतात, आणि थोड्या वेळाने उलट दिशेने तोच वारा पुन्हा सुरू होतो. हे ध्यानात ठेवावे.

वेस्ट इंडीजमध्ये या वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. आपल्याकडे मात्र हंगाम दोन. एक पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल ते जून. दुसरा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. ऐन पावसाळ्यात वरच्या थरातले वारे इतके जोराचे असतात की वादळाचा उभा मनोरा टिकत नाही. आणि बंगालच्या उपसागरात चार वादळे झाली तर अरबी समुद्रात एक, असे ढोबळ प्रमाण आहे. श्रीलंका नेमकी उपसागराच्या तोंडाशी. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी, नोव्हेंबरातली लग्नाआधीची मोकळीक आणि उंदुवप पोया, तिन्ही दुसऱ्या हंगामात बसतात.

याला दाखले आहेत. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या वादळाने रामेश्वराजवळचे धनुष्कोडी गाव पुसून टाकले. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी शंभरावर प्रवाशांसह समुद्राने ओढून नेली. धनुष्कोडीहून तेव्हा आगबोट श्रीलंकेतल्या तलैमन्नारला जात असे, म्हणजे ही सिंहलद्वीपाची जुनी वाटच होती. ते गाव पुन्हा वसले नाही. २३ नोव्हेंबर १९७८ ला श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे बट्टिकलोवा शहर उद्ध्वस्त झाले. आणि अगदी अलीकडे, २८ नोव्हेंबर २०२५ ला 'दित्वा' आले.

दित्वाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ताईंच्या मंडळींची वाट नेमकी त्याच मुलखातून जाते. हे वादळ वाऱ्याच्या मानाने फार मोठे नव्हते. चक्रीवादळ म्हणायला ताशी ६२ किलोमीटरचा वारा लागतो, त्याहून थोडेच पुढचे. तरीही सहाशेवर माणसे गेली. ती वाऱ्याने गेली नाहीत, पाण्याने आणि दरडींनी गेली. काही ठिकाणी एका दिवसात ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. आपल्या जिल्ह्यात सबंध वर्षात सातशेच्या आतबाहेर पडतो, म्हणजे आपला जवळजवळ अर्ध्या वर्षाचा पाऊस एका दिवसात. कॅंडी, नुवारा एलिया, बदुल्ला, माताले हा मधला डोंगराळ भाग. चहाच्या मळ्यांचे उतार भिजून सुटले आणि झोपेतल्या वस्त्यांवर आले. आपल्याकडे ३० जुलै २०१४ ला माळीण गेले, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली, तसेच. मळ्यात राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या लाइनी डोंगराच्या अंगालाच असतात. गरिबाचे घर कुठेही गेले तरी उताराच्या पायथ्याशीच असते, याचे आम्हाला आता नवल वाटत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही, की वादळाच्या दिवसांत समुद्रकिनाऱ्याइतकीच कॅंडीची भीती बाळगावी. दंतधातूचे मंदिर तिथे, आणि १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब गेले तेही तिथेच, तेव्हा आपला माणूस कॅंडी सोडून परत येणार नाही हे आम्ही जाणून आहोत. पण कोलंबोहून कॅंडीला चढणारा रस्ता घाटाचा आहे. मुसळधार पावसाची सूचना असेल त्या दिवशी तो चढू नये. कोलंबोत किंवा जवळच्या केलनियाला एक दिवस जास्त राहावे. केलनियाचा विहारही पाहण्याजोगा आहे. मात्र नदीला पूर असेल तर त्याच्या आसपास मुक्काम नको.

दुसरी गोष्ट बसची. अनुराधापूर सपाटीवर आहे, जुन्या राजांनी बांधलेले मोठमोठे तलाव तिथे आहेत. सपाटी म्हणून निर्धास्त होऊ नये. दित्वाच्या वेळी त्या भागात कला ओया नदीच्या पुरात एक बस अडकली. सत्तरच्या आसपास प्रवासी एका घराच्या छपरावर जीव मुठीत धरून बसले होते, नौदलाने त्यांना काढले. २०२५ च्याच सप्टेंबरात सिंदफणेने आपल्या शिवारांत काय केले ते आपण पाहिले आहे. पुलावरून पाणी वाहत असताना "निघेल गाडी" म्हणणारा ड्रायव्हर बीडला भेटतो तसा तिकडेही भेटतो. त्याला अडवण्याचे काम गटातल्या एका माणसाकडे आधीच सोपवून ठेवावे, आणि तो माणूस जरा खमक्या असावा. आमचे मत विचाराल तर बाई असावी. बायका अशा वेळी लाजत नाहीत.

आता पैशाचे. खरा अडथळा इथे आहे. वादळाची सूचना आल्यावर लोक थांबत नाहीत, ते मूर्ख असतात म्हणून नव्हे. पैसे बुडतील म्हणून. मुकादमाची उचल घेतली की पाय बांधले जातात, हे आपल्या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. सहलीचेही तसेच होते. फरक इतकाच की इथे उचल आपण देतो. आमच्या ओळखीच्या एका गटाने मागे असेच सारे पैसे आगाऊ भरले. सूचना आल्यावर त्यांनी सहल नेणाऱ्याला फोन केला, तर "तिथे लख्ख ऊन पडले आहे, तुम्ही या" असे उत्तर मिळाले. गट गेला, आणि तीन दिवस हॉटेलच्या खोलीत बसून, घरून नेलेली चटणी-भाकरी खाऊन परत आला. सुखरूप आला हे महत्त्वाचे. पण सत्तरीच्या एका आजींचे साऱ्या आयुष्याचे साठवलेले पैसे त्यात गेले आणि त्यांनी बोधिवृक्ष पाहिला नाही.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी चार ओळी कागदावर लिहून घ्याव्यात. वादळाची सूचना लागली तर तारीख पुढे ढकलता येईल काय, किती पैसे परत मिळतील, तिथे अडकलो तर जादा मुक्कामाचा खर्च कोणाचा. तोंडी "आपलीच माणसं आहेत, बघून घेऊ" हे चालवून घेऊ नये. आपल्याच माणसाकडून लिहून घेण्यात अपमान नाही. विमान कंपनीने स्वतः उड्डाण रद्द केले तर तिकिटाचे पैसे किंवा दुसऱ्या विमानात जागा मिळण्याचा प्रवाशाला हक्क आहे. मात्र वादळासारख्या कारणाने रद्द झाले तर त्यावर वेगळी भरपाई मिळत नाही. आपणच घाबरून तिकीट रद्द केले तर गोष्ट निराळी, तेव्हा कंपनीने रद्द करण्यापूर्वी घाई करू नये. प्रवासविमा तिकिटाबरोबरच काढावा. वादळाला नाव पडून ते बातम्यांत आल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी सहसा उपयोगी पडत नाही. घर पेटल्यावर विमा कोण देणार?

विमान शक्यतो मुंबईहून थेट कोलंबोचे घ्यावे. चेन्नईहून स्वस्त पडते म्हणून लोक तिकडून जातात, पण नोव्हेंबर-डिसेंबरात चेन्नईच वादळाच्या वाटेत असते. डिसेंबर २०१५ मध्ये तिथला विमानतळ पुराने कित्येक दिवस बंद होता; डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचाँग' वादळाने धावपट्टीवर पाणी आले. परतीनंतर दोन दिवस रजा जास्तीची ठेवावी. दित्वाच्या वेळी कोलंबोच्या विमानतळावर अडकलेल्या आपल्या लोकांना हवाई दलाच्या विमानांनी आणले हे खरे, पण त्या आशेवर सहल आखू नये.

सोबत काय घ्यावे, ते प्रत्येक गृहिणी जाणते. फक्त तीन गोष्टी आवर्जून सांगतो. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांपेक्षा पाच दिवस जास्तीच्या, आणि त्या हातातल्या पिशवीत. थोडी रोख रक्कम, कारण वीज गेली की एटीएम आणि मोबाइलवरचे पैसे दोन्ही मुके होतात. आणि पासपोर्टच्या झेरॉक्सवर कोलंबोच्या भारतीय उच्चायुक्तालयाचा फोन लिहिलेला. एक प्रत घरी ठेवलेली. तिथे आपत्तीसाठी ११७, पोलिसांसाठी ११९ आणि रुग्णवाहिकेसाठी १९९० हे नंबर आहेत. १९९० ची ती मोफत सेवा भारताच्या मदतीने सुरू झालेली आहे.

वादळ येऊन ठेपलेच तर खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत बसावे. बादल्या भरून ठेवाव्यात, मोबाइल आधीच चार्ज करावेत आणि उगाच बोलून संपवू नयेत. समुद्र बघायला जाऊ नये. तुटलेल्या तारेजवळच्या पाण्यात पाय घालू नये. दरडीच्या भागात असाल आणि हॉटेलवाला किंवा पोलीस "निघा" म्हणाला, तर सामान सोडून निघावे.

सूचना वेळेवर मिळते, ही आताच्या काळाची मोठी सोय आहे. आपले हवामान खाते ४८ तास आधी इशारा देते, २४ तास आधी पक्की सूचना देते. उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला हे तर त्याहून आधी कळते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात रोज एकदा बातमी पाहिली तरी पुरे.

ताईंना आमचा सल्ला असा. जमत असेल तर पौर्णिमा बदला. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत बेटावर बहुतेक ठिकाणी उघडीप असते. तेव्हा अनुराधापूर, मिहिंतले, दंबुल्ला आणि कॅंडी एकाच फेरीत होते. शाळेच्या परीक्षा त्या दिवसांत असतात, पण निवृत्त माणसाला कसली परीक्षा? वैशाख पौर्णिमेलाही लोक जातात, तथापि मे महिन्यात नैर्ऋत्य बाजूला पाऊस जोर धरतो. १७ मे २०१६ ला अरनायकेला डोंगर कोसळला तो वेसाकच्या आठवड्यातच. आणि डिसेंबरच धरायचा असेल तर थेट अनुराधापूर गाठावे, डोंगर शेवटी ठेवावा, म्हणजे हवा बिघडल्यास तो वगळता येतो.

श्रीलंकेला जाणारे थोडे, दादरला जाणारे लाखो. त्यांच्यासाठीही दोन शब्द, कारण हंगाम तोच. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर श्रीलंकेजवळ जन्मलेले 'ओखी' वादळ कन्याकुमारीकडून लक्षद्वीपमार्गे वर सरकले. केरळ-तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार त्याने नेले, आणि ५ डिसेंबरला ते आपल्या किनाऱ्याजवळ आले. मुंबईच्या शाळांना त्या दिवशी सुट्टी होती. चैत्यभूमीसाठी आलेली माणसे शिवाजी पार्कच्या चिखलात, लेकरे छातीशी धरून उभी. महापालिकेने शाळा उघडून दिल्या, पण अनेकांना त्या कुठे आहेत हेच कळेना. त्याच अवकाळी पावसाच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातले ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात फडावरच्या कोप्यांत असतात, आणि पाऊस आला की कोपीत शिरणाऱ्या पाण्याची सूचना त्यांना कोणी देत नाही. ज्यांची माणसे फडावर आहेत त्यांनी घरून एक फोन करावा. कोपी ओढ्याच्या काठी असेल तर मुकादमाशी बोलून वर हलवायला सांगावी.

आणि दादरला निघणाऱ्यांनी पिशवीत ताडपत्रीचा एक तुकडा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कोरडे कपडे आणि लेकराच्या खिशात नाव, गाव, फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठी शाईच्या पेनने लिहू नये, भिजली की जाते. पेन्सिलीने लिहावी.