गनिमी कावा कुणासाठी?

बँकेत पस्तीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते. बँक बुडवायला दरोडेखोरच लागतो असे नाही. ‘बँकेचे काही खरे नाही’ एवढी कुजबुज गावात सोडली तरी पुरते. सकाळी दारात रांग लागते आणि चार दिवसांत धडधाकट बँक अंथरूण धरते. देशादेशांतल्या मानसिक युद्धाचे मर्म याहून फारसे वेगळे नाही. शत्रूचे रणगाडे फोडण्यापेक्षा त्याच्या लोकांचा विश्वास फोडणे स्वस्त पडते.

दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने हे अक्षरशः करून पाहिले. साक्सनहाउसेनच्या छळछावणीतील ज्यू कैद्यांना जुंपून ब्रिटिश पौंडाच्या हुबेहूब खोट्या नोटा छापल्या गेल्या. त्या विमानांतून ब्रिटनवर उधळायच्या, असा मूळ बेत होता. तो बारगळला, तरी बँक ऑफ इंग्लंडला १९४३ मध्ये दहा पौंड व त्यावरील नोटा देणे थांबवावे लागले. त्याच युद्धात बीबीसी मात्र आपल्या देशाचे पराभवही सांगत होती. म्हणूनच, ते केंद्र ऐकणे हा गुन्हा असतानाही, जर्मनीतली माणसे दारे लावून ते ऐकत.

आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण १९७१ चे. मी तेव्हा शाळेत होतो. खिडक्यांना काळे कागद आणि रेडिओभोवती सगळी चाळ, असे ते दिवस. जनरल माणेकशा आकाशवाणीवरून आणि पत्रकांतून पूर्व पाकिस्तानातील पाकिस्तानी सैनिकांना शरण येण्याचे आवाहन करीत होते. शरण येणाऱ्यांना जिनिव्हा कराराप्रमाणे वागवू, असे वचन त्यात होते. ११ डिसेंबरला टांगाईलजवळ आपल्या छत्रीधारी सैनिकांची एक बटालियन उतरली. बातमी पसरली ती पाच हजारांची ब्रिगेड उतरल्याची! वृत्तपत्रांकडे गेलेले छायाचित्र आग्र्याच्या जुन्या सरावाचे होते, हे आपल्या जनसंपर्क अधिकाऱ्यांनीच पुढे सांगितले.

मग ही थाप नव्हती काय? होतीच. पण ती शत्रूच्या सेनापतीसाठी होती. गनिमी कावा गनिमासाठी असतो, घरच्यांसाठी नव्हे. पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांनी नेमके उलट केले. ढाका पडत आले तरी त्यांची प्रसारमाध्यमे जनतेला विजयाच्याच वार्ता ऐकवत होती. १६ डिसेंबरला शरणागतीवर सह्या झाल्या, आणि त्याच दिवशी याह्याखान रेडिओवरून लढाई चालूच राहील असे सांगत होते. सुमारे ९३ हजार माणसे कैदेत गेल्याचे उघड झाले, तेव्हा लोकांच्या संतापापुढे त्यांना २० डिसेंबरला पायउतार व्हावे लागले. मनोधैर्य टिकावे म्हणून उचललेले खोटेपणाचे कर्ज चारच दिवसांत व्याजासह फेडावे लागले.

आता मे २०२५ आठवावा. ८ तारखेच्या रात्री आपल्याच काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे ओरडून सांगितले. सकाळी बंदर जागच्या जागी होते. पलीकडेही व्हिडिओ गेममधली दृश्ये विजयाचा पुरावा म्हणून फिरवली गेली. आपल्या लष्करी अधिकाऱ्यांची निवेदने त्या मानाने कितीतरी संयत होती. पण रात्रभर थापा ऐकलेला माणूस सकाळी खऱ्या निवेदनावरही ‘कुणास ठाऊक!’ म्हणतो. शत्रूला हेच तर हवे असते. इथे ते आपणच त्याला घरपोच दिले.

कुणी म्हणेल, संकटात लोकांना थोडा दिलासा दिला तर बिघडले कुठे? बिघडते ते साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून माणसे फौजेत जात आली. तिथल्या आईला टीव्हीवरचे युद्ध करमणूक म्हणून पाहता येत नाही. तिला खरी बातमी हवी असते, मग ती कडू का असेना.

म्हणून फोनवर आलेली बातमी पुढे ढकलण्याआधी, कॅशियर नोट उजेडाकडे धरतो तशी क्षणभर धरून पाहावी. ती कुणी सांगितली, ते ठिकाण कोणते, दृश्य कधीचे? उत्तर मिळाले नाही तर ती आपल्यापाशीच राहू द्यावी. खोटी नोट पुढे खपवणाराही गुन्हेगारच ठरतो, मग ती त्याने छापलेली नसली तरी.