दारातील घोड्याला वळसा

कान्सास सिटीतील जॅक्सन परगण्याच्या न्यायालयाविषयी लिहिणाऱ्यांचे दोन वर्ग आम्हांला परिचित आहेत. एक वर्ग इमारतीला ‘आर्ट डेको’ म्हणतो, चुनखडीच्या दगडातील उभ्या रेषांचे वर्णन करतो आणि थांबतो. दुसरा हॅरी ट्रुमनच्या प्रामाणिकपणाची कथा सांगतो. दोघेही दारातील घोड्याला वळसा घालून आत शिरतात, ही आमची तक्रार आहे.

कथा खोटी नाही. ट्रुमन तेव्हा परगण्याचा ‘प्रिसायडिंग जज्ज’ होता. पदनाम न्यायाधीशाचे, काम मात्र रस्ते, इमारती आणि जमाखर्चाचे. (नाम आणि वस्तू यांतील अंतर शिकवायला याहून सोपे उदाहरण शोधूनही मिळणार नाही.) महामंदीच्या ऐन भरात, १९३१ साली, मतदारांनी कर्जरोख्यांना मान्यता दिली. ट्रुमनने पदरमोड करून, मोटारीने फिरून ठिकठिकाणची न्यायालये पाहिली. लुइझियानातील श्रीव्हपोर्टचे न्यायालय त्याला आवडले, म्हणून तेथील वास्तुविशारद एडवर्ड नील्ड याला सल्लागार नेमले. पेंडरगास्टच्या बदनाम राजकीय यंत्रणेच्या पाठबळावर निवडून आलेल्या माणसाने सार्वजनिक पैशाला इतके जपावे, याचे कौतुक आम्हांलाही आहे.

पण चोख हिशेब म्हणजे संपूर्ण नीती नव्हे. २७ डिसेंबर १९३४ रोजी इमारतीचे उद्घाटन झाले, तेव्हा दारात अँड्र्यू जॅक्सनचा अश्वारूढ पुतळाही उभा होता. शिल्पकार चार्ल्स केक. त्याचीच निवड का, तर शार्लट्सव्हिल येथील त्याचा १९२१ चा स्टोनवॉल जॅक्सन ट्रुमनला भावला होता. म्हणजे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या पक्षाचा सेनापती. अँड्र्यू जॅक्सनच्या कपड्यांची मापे ट्रुमनने त्याच्या हर्मिटेज या निवासस्थानी जाऊन घेतली. कापडाबाबत एवढी सत्यनिष्ठा! त्याच हर्मिटेजच्या मळ्यात राबलेल्या गुलामांना, आणि जॅक्सनच्याच सहीने झालेल्या १८३० च्या कायद्यामुळे देशोधडीला लागलेल्या मूळ रहिवाशांना, या रचनेत जागा नाही.

यावर आकृतिवादी मित्रांचे ठरलेले उत्तर असे, की पुतळा हा वास्तुरचनेचा अविभाज्य घटक आहे, तो आशयाच्या तराजूत तोलू नये. आम्ही त्यांचा पहिला अर्धा भाग आनंदाने स्वीकारतो. घटक अविभाज्य असेल तर त्याचा अर्थही अविभाज्य आहे. दगड रचनेत मोजायचा आणि घोडेस्वार रचनेबाहेर ठेवायचा, ही सवलत कोणत्याही संहितेच्या वाचकाला मिळत नाही. कान्सास सिटीच्या नागरिकांना हे समीक्षकांपेक्षा आधी कळले. २०२० मध्ये पुतळ्यावर ‘गुलामांचा मालक’ असे रंगवले गेले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पुतळे हटवण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. रंगवणारे आणि मत देणारे, दोघांनीही इमारत वाचली होती.