आधी स्टँड, मग कॅमेरा



एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा फोटो स्टुडिओत मदतनीस आहे. डोक्यावर काळे कापड घेऊन फोटो काढायच्या मोठ्या कॅमेऱ्याचा त्याला नाद लागला आहे. भिशीचा नंबर आता लागणार आहे. ती सगळी रक्कम कॅमेऱ्यात घालावी आणि स्टँड स्वस्तातला घ्यावा का, असे ताईंनी विचारले आहे. ताई, आमचे उत्तर नेमके उलटे आहे. आधी स्टँड बघा, मग कॅमेरा. का, ते सविस्तर सांगतो, कारण असा नाद असलेले होतकरू तरुण आणखीही घरांत असतील.

या कॅमेऱ्यात रीळ नसते. ४ × ५ इंचाची किंवा त्याहून मोठी सुटी फिल्म एकेक करून घालावी लागते. नेहमीच्या ३५ मिमी रिळातल्या एका फोटोपेक्षा ही फिल्म बारा पटींहून मोठी असते. म्हणून फोटो कितीही मोठा केला तरी लुगड्याचा काठ आणि चेहऱ्यावरची सुरकुती स्वच्छ दिसते. पण काम संथ आहे. मागच्या दुधी काचेवर चित्र उलटे दिसते. त्यावर फोकस करायचा, शटर बंद करायचे, फिल्मचा होल्डर सरकवायचा, त्याची झाकणपट्टी ओढायची आणि मग फोटो घ्यायचा. तेवढ्या वेळात कॅमेरा जरा जरी सरकला तरी मेहनत फुकट गेली. शिवाय लेन्सचे तोंड बहुधा एफ/२२ किंवा एफ/३२ इतके बारीक ठेवतात. त्यामुळे शटर कधी कधी सेकंदभर उघडे राहते. त्यात पुढची घडीची पिशवी, म्हणजे बेलोज, वाऱ्यात शिडासारखी फुगते. स्टँड डळमळीत असेल तर भारी लेन्सही धूसर फोटो देते.

स्टँड घेताना नाव पाहू नका, वजन पाहा. लाकडी घडीचा कॅमेरा साधारण सव्वा ते अडीच किलोचा असतो. धातूच्या दांड्यावरचा स्टुडिओ कॅमेरा चार-पाच किलोपर्यंत जातो. कॅमेरा आणि लेन्स मिळून जेवढे वजन होईल, त्याच्या दुप्पट भार पेलेल असा स्टँड घ्यावा. मधला दांडा वर न चढवता कॅमेरा डोळ्यापर्यंत यायला हवा. तो दांडा उचलला की तीन पायांचा स्टँड एका पायावर उभा राहतो असे समजा. डोके तीन मुठींचे घ्यावे. त्यात एका वेळी एकच दिशा सैल होते. गोळ्याचे डोके सैल केले की जड कॅमेरा एकदम मान टाकतो.

दुकानातच परीक्षा करावी. पाय पुरते लांबवा, वरून दोन्ही तळहातांनी दाबा, मग डोके धरून पिळून पाहा. पाय आत सरकले किंवा डोके करकरत फिरले तर तो स्टँड तिथेच ठेवा. बाहेर वारा असेल तेव्हा मध्ये विटा भरलेली पिशवी लटकवावी. ती जमिनीला किंचित टेकू द्यावी, म्हणजे झोके घेत नाही.

आणखी एक मार्ग आहे. रस्त्याच्या आणि बांधकामाच्या कामावर मोजणीवाल्यांच्या दुर्बिणीखाली असतो तो लाकडी तिपायी स्टँड आपल्यातल्या अनेकांनी खांद्यावर वाहिला असेल. जुना पण धड मिळाला तर तो कॅमेऱ्यालाही उत्तम. त्याचा स्क्रू बहुधा ५/८ इंचाचा असतो आणि कॅमेऱ्याचा १/४ किंवा ३/८ इंचाचा. मधला जोड लेथवाला करून देतो. मात्र त्यावर वेगळे डोके बसवावे लागते. पायाला टोकदार खिळे असतात, म्हणून फरशीवर पाय दोरीने एकमेकांना बांधावेत.

आता बाकी सामान. ४ × ५ साठी १५० मिमीची एकच लेन्स सुरुवातीला पुष्कळ झाली. जुनी घेताना एक सेकंदावर शटर लावून कानाने ऐका. अडखळत असेल तर दुरुस्तीचा खर्च धरा. बेलोजच्या आत अंधारात बॅटरी लावा. बाहेर उजेडाचे ठिपके दिसले तर भोके आहेत. दोन-तीन होल्डर घ्या, एकात दोन फिल्म बसतात. केबल रिलीज आणि फोकस बघायला लहान भिंग हवे. काळे कापड घरीच शिवा, वरून पांढरे अस्तर लावा, उन्हात तापत नाही. प्रकाश मोजायला मोबाईलमधले अॅप सुरुवातीला चालते.

पहिले दोन-तीन महिने फिल्म घेऊच नका. होल्डरमध्ये ब्लॅक अँड व्हाईट फोटोचा कागद घाला. ८ × १० च्या एका कागदाचे चार तुकडे होतात. कडा किंचित छाटाव्या लागतात. या कागदाची गती ३ ते ६ एएसए एवढीच. त्यामुळे उन्हात एफ/२२ वर साधारण अर्धा सेकंद द्यावा लागतो. म्हणजे स्टँडचीही परीक्षा होते. रात्री मोरीत लाल दिवा लावून तीन ट्रेमध्ये कागद धुता येतो. त्या कोऱ्या कागदावर कागदी निगेटिव्ह ठेवून वर काच दाबली आणि क्षणभर उजेड दिला की फोटो उतरतो. एन्लार्जर लागत नाही. आकाश पांढरे आणि कातडीचा रंग जरा गडद येतो, तो कागदाचा गुण आहे. पुढे इल्फर्डची एफपी४ किंवा एचपी५ फिल्म घ्याल तेव्हा मात्र लाल दिवाही चालणार नाही, पूर्ण अंधार हवा. ट्रे स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नयेत आणि रसायने मुलांच्या हाताला लागू देऊ नयेत.

जुन्या स्टुडिओत माळ्यावर सागवानी कॅमेरा पडलेला असेल तर मालकांना विचारून पाहा. केरळातल्या अलप्पुळा येथे बनलेले वागीश्वरी कॅमेरे एके काळी देशभरच्या स्टुडिओंत होते. अशा जुन्या मापांची फिल्म दुकानात सहसा मिळत नाही, पण कागद कापून नक्की काम भागते.

ताई, एक गोष्ट मुलाला स्पष्ट सांगा. लग्नाच्या ऑर्डरी आज डिजिटल कॅमेऱ्यावरच होतात. या मोठ्या कॅमेऱ्यातून घर चालेल असे धरू नये, आणि त्यासाठी कर्ज तर काढूच नये. भिशीतला घरचा वाटा आधी बाजूला काढा. उरलेल्यातून चांगला स्टँड आणि कागद घ्या. उसन्या किंवा जुन्या कॅमेऱ्यावर त्याला पन्नास फोटो काढू द्या. तेवढ्यानंतरही नाद टिकला तर कॅमेरा घ्यायला हरकत नाही. नाही टिकला तरी स्टँड वाया जात नाही. लग्नाच्या व्हिडिओलाही तो लागतोच.

पुढील वेळी घरातले जुने फोटो ओलीपासून कसे जपावेत ते पाहू.