तारतम्य कोणाजवळ मागावे?

'तारतम्य' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. गावात येणारा साहेब, पुराणिक, पुढारी, जो तो शेतकऱ्यास सांगतो, 'बाबांनो, तारतम्य बाळगा.' हा शब्द तरी काय आहे ते आधी पाहू. संस्कृतात लघु, लघुतर, लघुतम अशा पायऱ्या लावतात. त्यांतल्या 'तर' आणि 'तम' या दोन प्रत्ययांपासून तारतम्य झाले. म्हणजे दोन-तीन गोष्टी शेजारी मांडून अधिक कोणती, उणी कोणती हे ओळखणे. तराजूशी त्याचे नाते नाही. काम मात्र तराजूचेच.

हे ज्ञान आमच्या लोकांस नवे नाही. मुखेड-कंधारकडचा शहाणा कुणबी पेरणीपूर्वी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो; सत्तर तरी उगवले तरच ते बियाणे धड समजतो. सुतार रंधा मारण्याआधी लाकडाची शीर पाहतो. यांस हा शब्द कोणी पढविला होता?

पण वाचकहो, तारतम्यास निदान दोन वाटा तरी पुढे असाव्या लागतात. 2024 च्या सुगीत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास 4892 रुपये होता आणि लातूरच्या आडतीत भाव त्याच्या खाली. सरकारी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. 15 टक्क्यांची सवलत आली ती नोव्हेंबरच्या मध्यास, दिवाळी होऊन गेल्यावर! ज्याच्या दारी देणेकरी बसला होता, त्याने ओला माल मिळेल त्या भावाने घातला. त्यास अविचारी म्हणणे हा धडधडीत अन्याय होय.

दुसरी वाट म्हणजे पणन मंडळाची शेतमाल तारण योजना. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवावा, किमतीच्या 75 टक्के रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने उचलावी. समजा, दहा क्विंटल माल 4200 च्या भावाचा. हाती 31,500 रुपये येतील, व्याज 945. क्विंटलामागे 95 रुपये भाव चढला की व्याज निघाले. आणि न चढला तर? 2025 च्या उन्हाळ्यातही तो हमीभावास शिवला नाही, हेही हिशेबात धरावे. तरी निवड आपली राहते, देणेकऱ्याची नाही.

मात्र प्रत्येक समिती ही योजना चालवीत नाही. तेव्हा नांदेड-लातूरच्या गावकऱ्यांनी सुगीपूर्वीच ग्रामसभेत ठराव करून आपल्या समितीस लेखी विचारावे: गोदाम किती, रक्कम किती, आणि कोणत्या तारखेपासून?