दिवा लावायला हिंदी कशाला?



हिंजवडीत चार-पाच वर्षं काढली, पगार बरा झाला, की आमच्यासारख्यांना गावाकडच्या घराची दया येऊ लागते. मग दिवाळीला जाताना बॅगेत एक बोलका स्पीकर, चार स्मार्ट बल्ब आणि दोन प्लग असतात. तासाभरात सगळं जोडून होतं, व्हॉट्सॅपवर व्हिडिओ जातो आणि भाऊबीज उरकून आपण परत पुण्याला. मागे राहतात आई-वडील, आजी-आजोबा आणि एक यंत्र, ज्याच्याशी इंग्रजीत नाहीतर हिंदीत बोलावं लागतं.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला दिवा लावण्यासाठी भाषा बदलावी लागते, ते घर स्मार्ट वगैरे काही नाही. व्हॉइस कंट्रोल निवडताना "अलेक्सा घेऊ की गूगल?" हा पहिला प्रश्नच नव्हे. हे यंत्र घरातल्या कोणाचं बोलणं ऐकणार आहे, हे आधी ठरवा.

यावर हमखास येणारं उत्तर: "अरे, हिंदी तर सगळ्यांना येते." येते ना! आमचं मुक्ताईनगर (जुन्या लोकांचं एदलाबाद) मध्य प्रदेशाच्या हद्दीवर, बऱ्हाणपूर शेजारी. आमची आजी बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याशी हिंदीत असा भाव करते की तो शेवटी हात जोडतो. पण बाजारात हिंदी बोलणं वेगळं आणि स्वतःच्या सैपाकघरात उजेड मागायला हिंदी बोलणं वेगळं. तिनं साठ वर्षांत त्या घरात कोणाला हिंदीतून काही सांगितलेलं नाही. आता एका डब्यासाठी का सांगावं?

बरं, कंपन्यांना मराठी जमत नाही असंही नाही. गूगलचं मराठी व्हॉइस टायपिंग ऑगस्ट २०१७ मध्ये आलं, फोनवरच्या असिस्टंटला मराठी २०१८ मध्ये आली. अलेक्सा हिंदी शिकली सप्टेंबर २०१९ मध्ये. तिला मराठी मात्र अजून शिकवलेली नाही. कोट्यवधी लोकांची भाषा, पण हिशोब असा दिसतो की ही माणसं हिंदीवर भागवून घेतात. आणि आपण ते भागवूनच घेतो, हे त्यातलं खरं दुखणं.

समजा, उद्या मराठी आली. कुठली? आमच्याकडे लेवा बोली. त्यात 'ळ'चा 'य' होतो, 'ण'चा 'न' होतो. सकाळी नव्हे, 'सकायी'. पाणी नव्हे, 'पानी'. बाहेर नव्हे, 'भाईर'. बहिणाबाई चौधरींमुळे ही बोली महाराष्ट्राला पाठ्यपुस्तकात गोड लागते, पण यंत्राला ती 'चुकीची मराठी' वाटणार. शिवाय शब्द बघा. जुनी माणसं दिवा 'विझव' म्हणत नाहीत, ते अशुभ. ती दिवा 'मालव' म्हणतात, 'घालव' म्हणतात, नाहीतर 'शांत कर' म्हणतात. 'बंद कर' हा शब्द आपल्याला बटणांनी शिकवला. उलट, परीक्षेत नापास होऊन आलेल्या नातवाला आजोबा "काय दिवे लावले?" असं विचारतील तेव्हा घरातले सगळे दिवे लागायला नकोत, हेही बघावं लागणार. :)

आता जरा तांत्रिक. जाहिरातीतल्या घरात एसी असतो, थर्मोस्टॅट असतो. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो आणि घराघरात असतो कूलर. रात्री दोन वाजता सगळ्यात जास्त लागणारी आज्ञा कोणती असेल? "कूलरचं पानी बंद कर, पंखा राहू दे." म्हणजे एका वस्तूला दोन स्वतंत्र रिले हवेत, एक आतल्या पंपाला आणि एक पंख्याला. आपण नेतो तो प्लग कूलरला लावला तर दोन्ही एकदम जातात आणि अख्खं घर घामानं जागं होतं. त्यात कूलरचा आवाज इतका, की खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या मायक्रोफोनला आजीचं बोलणं ऐकूच येत नाही. ती ओरडते, मग ते म्हणतं, "सॉरी, समझ नहीं पायी." रात्री दोनला हा संवाद कोणालाच नको असतो. त्यावर उपाय अगदी साधा आहे: मायक्रोफोन उशाशी, हाताच्या अंतरावर, दाबून बोलायच्या बटणासकट. दिसायला कमी हायफाय, पण चालतं.

आणि स्मार्ट बल्ब तर नकोच. आजी झोपताना सवयीनं भिंतीवरचं बटण दाबते, बल्बची वीज जाते, मग त्याला कितीही हाका मारा. रिले बोर्डाच्या आत बसवा, म्हणजे बटणही चालेल आणि आवाजही. (वायरमनकडून करून घ्या. बोर्डात न्यूट्रल आहे का ते आधी बघायला सांगा, जुन्या घरांत बहुतेक वेळा नसते.)

पुढचा मुद्दा नेटचा. बोलक्या स्पीकरला 'दिवा लाव' सांगितलं की बहुतेक वेळा तो आवाज कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जातो, तिथं त्याचा अर्थ लागतो आणि मग आपल्या डोक्यावरचा दिवा लागतो. रस्त्याच्या कामात फायबर तुटली, की घर बहिरं. वीज गेली आणि राउटर इन्व्हर्टरवर नसला, तरी बहिरं.

गंमत म्हणजे या बाबतीत आपल्याला शिकवणारं उदाहरण शेतात आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवालांचं 'नॅनो गणेश' ऐकलंय? शेतातला पंप मोबाईलवरून चालू-बंद करणारं यंत्र. २००९ मध्ये त्याला नोकियाच्या नवकल्पनांच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीनं यायची, दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास. केळीला पाणी तर लागतंच. म्हणजे रात्री-अपरात्री काट्याकुट्यातून, सापकिरडातून विहिरीवर जायचं आणि तिथं पोचल्यावर कळायचं की लाईटच नाही. या यंत्रानं ती फेरी वाचवली. फोन लावायचा, वीज आहे का ते येणाऱ्या आवाजाच्या खुणेवरून ओळखायचं, आकडे दाबून मोटर चालू करायची. इंटरनेट लागत नाही, साधा फोन पुरतो, आणि इंग्रजी-हिंदी कशाचाच संबंध नाही. आपण ज्याला 'होम ऑटोमेशन' म्हणून मिरवतो, ते शेतकऱ्यानं आपल्या आधी घेतलं होतं आणि जास्त डोकं लावून घेतलं होतं. त्यानं यंत्राला प्रश्न विचारला तो आपल्या अडचणीचा. आपण विचारतो सेलमध्ये किती टक्के सूट आहे.

खासगीपणाबद्दल थोडक्यात. "आमच्या घरात कसलं आलंय गुपित?" असं म्हणणाऱ्यांच्या घरात शेताची वाटणी, मुलीचं जमणारं लग्न आणि केळीचा सौदा या तिन्ही गोष्टी त्याच बैठकीत बोलल्या जातात. २०१९ मध्ये अलेक्साचे आणि गूगलचे काही आवाजाचे तुकडे माणसं बसून ऐकतात हे बाहेर आलं. २८ मार्च २०२५ पासून ॲमेझॉननं एकोच्या काही मॉडेलांवर असलेली, आवाज क्लाउडला न पाठवण्याची सोयही काढून टाकली. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

मग लावायचं काय? माझं मत होम असिस्टंटला. २०१३ पासूनचं, मुक्त स्रोत, आणि २०२३ हे वर्ष त्यांनी खास आवाजाच्या कामाला दिलं होतं. आवाजाचं लिखाण करायला व्हिस्पर (२०२२ मध्ये खुलं झालं) किंवा आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतची मॉडेलं आहेत, ती घरातल्याच मशीनवर चालतात. रास्पबेरी पाय ४ वर व्हिस्पर रडतखडत चालतं, म्हणून ऑफिसांतून निघालेला जुना मिनी पीसी घ्या. व्हिस्परला शिकवताना ६,८०,००० तासांचा आवाज वापरला, पण त्यात मराठीचा वाटा नगण्य, तेव्हा चुका होणारच. पण घराला कादंबरी लिहून घ्यायची नाहीये. घराला पंचवीस-तीस वाक्यं पुरतात. 'मालव'चं 'मालक' ऐकू येत असेल तर "लाईट मालक" हे वाक्यसुद्धा यादीत टाका, दिवा जाईल. शुद्धलेखनाचे गुण इथं कोणी देत नाही. भजनं आणि गाण्यांसाठी कंपनीचा स्पीकर खरंच चांगला आहे, दूरचा आवाजही तो जास्त बरा पकडतो. तो ठेवा, फक्त घराचे दिवे त्याच्या ताब्यात देऊ नका.

हाक मारायचं नाव ठरवताना एक सूचना. भक्तिभावानं 'मुक्ताई' ठेवू नका. आमच्याकडे येणारा-जाणारा प्रत्येकजण दारातूनच "जय मुक्ताई" म्हणतो, पालखीच्या दिवसांत तर विचारूच नका. यंत्राला झोपच मिळायची नाही.

सुरुवात मात्र कुठलंही यंत्र घेण्याआधी करा. दोन दिवस गावाला वही घेऊन बसा आणि आजी घरातल्यांना दिव्या-पंख्याबद्दल जे जे सांगते ते तिच्याच शब्दांत लिहून काढा. आमच्या वहीत अठ्ठावीस वाक्यं झालीत. त्यातली अकरा कूलरची आहेत.