ओसूमधली लेव्हल 'पास' कोण करतं?

'ओसू!' हा रिदम गेम २००७ पासून चालू आहे आणि त्यातल्या बहुतेक लेव्हल्स, म्हणजे बीटमॅप्स, खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या आहेत. मॅप कोणीही अपलोड करू शकतं. पण तो 'रँक्ड' झाल्याशिवाय त्यावर पीपी, म्हणजे परफॉर्मन्स पॉइंट्स, मिळत नाहीत. त्यामुळे सगळी धडपड त्या एका शिक्क्यासाठी.

शिक्क्यासाठी किमान दोन बीटमॅप नॉमिनेटर्सची मंजुरी लागते. मग मॅप 'क्वालिफाइड' होऊन साधारण आठवडाभर थांबतो. तेवढ्यात कोणी चूक दाखवली, तर परत मागे. आमच्या कोड रिव्ह्यूसारखंच आहे हे, फक्त इथे रिव्ह्यू करणारे हौसेने करतात.

नोट तालावर नीट बसली आहे का, हे मॅपसेट व्हेरिफायरसारखं टूल लगेच सांगतं. पण शांत कडव्यात उगाच लांब उड्या टाकल्यात का? ते गाणं ऐकत खेळल्याशिवाय कळत नाही. आता तर एआयने मॅप बनवणारी टूल्सही आली आहेत. बनवायला काही मिनिटं, तपासायला वेळ मात्र तेवढाच.

म्हणून दोन माणसांची अट राहावी, असं मला वाटतं. खटकतं ते वेगळंच. कुठला मॅप हातात घ्यायचा हे नॉमिनेटर स्वतः ठरवतो, आणि ओळखीपाळखी नसलेला नवा मॅपर ताटकळत बसतो.

पेंडिंग मॅप्सही डाउनलोड करून खेळता येतात. एखादा खेळलात तर मॅपरला 'मस्त' एवढंच लिहू नका. कितव्या सेकंदाला कुठली नोट चुकली, ते सांगा.