मेंढराला शिवी कशाला?

वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळतो. मेंढराच्या वाट्याला मात्र बाराही महिने शिवीच! मेंढरू फिरले की रान ओसाड, असे म्हणायचे आणि पडीक वावराभोवती काटेरी तार ओढायची. 1927 च्या वन कायद्याने राखीव जंगलात विनापरवाना चराई गुन्हा ठरवली. आपण तीच समजूत नांगर सुटलेल्या प्रत्येक वावराला चिकटवली.

साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला माळ एकदा डोळे उघडून पाहा. बाभळीचे बी मोठे टणक; नुसते पडले तर वर्षानुवर्षे तसेच राहते. शेळ्या-मेंढ्या शेंगा खातात, पोटात बियांचे कवच नरम होते आणि लेंडीबरोबर ते बी दूरवर पडते. कुसळी गवताचे बी लोकरीत अडकून रानोरान हिंडते. बी, खत आणि पेरणारा एकाच पायवाटेने येतात, तेही फुकट! जाणता शेतकरी म्हणूनच धनगराला धान्य देऊन वावरात मेंढरे बसवून घेतो.

मग रान उजाड होते कशाने? एकाच जागी बारमाही चरण्याने! म्हणून पावसाळाभर माळ राखा, गवताला बी धरू द्या. दिवाळीनंतर कळप सोडा आणि गवताचे बुडखे शिल्लक असतानाच पुढे हलवा. धनगराचा वाडा मुळात हलताच असतो. त्याची वाट अडवतो ती आपली तार.

यंदा गावात वाडा आला तर कुत्री सोडू नका. आपले पडीक वावर दाखवा!